आबांच्या भिंतीवरचं इंग्रजी पत्र

आता हे सांगू तरी कोणत्या तोंडाने! पण तुम्ही घरचेच आहात. चहा ओता, आणि मधे हसायचं नाही.

मी मूळ धुळ्याचा. घरात अहिराणी, ऑफिसात मराठी आणि तीन महिन्यांच्या क्लासनंतर इंग्रजी! त्याचं सर्टिफिकेट हॉलमध्ये टांगलंय. पाहुणा आला की बायको पाणी देते आणि मी सर्टिफिकेट दाखवतो.

भडगावजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये मी मॅनेजर. तिथे आमचे दगडूआबा. घडावर नुसता हात फिरवून सांगणार, हा माल परदेशात जाईल की इथल्याच बाजारात. बावीस वर्षं हेच काम. यंदा तेच काम करणारं यंत्र आलं आणि पाठोपाठ पुण्याहून ऑनलाइन मीटिंग आली. सगळी इंग्रजीत! मोठ्या साहेबांनी विचारलं, आता तिथे कोणाची गरज नाही?

"दगडूआबा, सर. लेट हिम गो!"

हे मी बोललो बरं का! फाडकन! आबांची बावीस वर्षं, त्यांनी माझ्या पोराला खांद्यावर बसवून फिरवलेलं, काही म्हणजे काही आठवलं नाही. वाक्य बिनचूक आलं, याच आनंदात मी होतो. माणसाला घरी पाठवतोय असं वाटलंच नाही हो, पेपर सोडवतोय असं वाटलं.

शनिवारी सकाळी पत्र आलं. आबांना वाचून दाखवा, त्यांची सही घ्या. आबांची सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्या वावरात गेलो. तिथे काय? पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजताहेत, आबा घाम पुसत भरीत कुटताहेत!

"या साहेब, बठा! पहिले भरीत खा, मंग काम."

"नाही आबा, जरा महत्त्वाचं..."

"भरीत महत्त्वानं नही का?"

आता सांगा, भरिताला नाही म्हणणारा खान्देशी माणूस तुम्ही पाहिलाय? तीन वेळा घेतलं मी! वर आबांच्या बायकोने, अक्कांनी, बळेच ठेचा वाढला. हात धुतले आणि खिशातलं पत्र काढलं.

"काय लिखेल शे?" आबा सरसावून बसले. "वाची दखाडा ना."

इंग्रजीत वाचलं खडाखडा. "युवर सर्व्हिसेस आर नो लाँगर रिक्वायर्ड." तुमची आता गरज नाही, एवढंच! सोपं होतं हो. मग आबा म्हणाले, "आते आपली भाषामा सांगा."

आपल्या भाषेत? मी ज्या भाषेत आईकडे भाकर मागतो, त्या भाषेत या माणसाला घरी बस म्हणू? त्याच्याच जाळावरचं भरीत पोटात असताना?

"लिखेल शे का..." मी पत्रात डोकं घातलं. "आबा, तुमनं काम भारी शे. तुमना बिगर पॅकहाऊस चालाव नही."

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. आबांनी खुशीत सही ठोकली आणि पत्राची प्रत कपाळाला लावून खिशात ठेवली.

सोमवारी आबा वेळेवर हजर. हातात पेढे! पत्राला म्हणे काचेची चौकट केली, हारही घातला. मी पेढा चघळतोय आणि पुण्याचा फोन. "इज ही गॉन?"

पण डोकं चाललं. म्हटलं, "साहेब, तुम्ही साताऱ्याचे ना? एकदा मराठीत म्हणून दाखवा, दगडूआबांना काढून टाका. मी लगेच काढतो."

पलीकडे खाकरणं.

"म्हणजे... तसं यंत्रालाही कोणीतरी जाणता माणूस लागतोच की हो..."

जिंकलो! आबा राहिले. आता फक्त भिंतीवरचं ते पत्र गुपचूप काढायचं होतं. रविवारी आबांच्या घरी गेलो. आबा वावरात, घरात त्यांची नात. कॉलेजात जाते. पत्राच्या चौकटीखाली उभी राहून माझ्याकडे बघून हसत होती.

"तू... वाचलंस?"

"पत्र आलं त्याच संध्याकाळी. आबांना अर्थही सांगितला."

"अगं, मग पेढे? हार?"

"मी तेच म्हटलं, काका. तर आबा म्हणाले, कागद राहू दे, साहेब तोंडाने बोलले ते खरं. आणि मला बजावलं..."

"काय?"

पोरीने हुबेहूब आबांचा आवाज काढला.

"साहेबले काही बोलू नको. माणूस भला शे. फक्त बिचाराले इंग्रजी येत नही."

घरी आलो आणि पहिलं काम काय केलं असेल? हॉलमधलं सर्टिफिकेट काढलं. आता तिथे कॅलेंडर आहे. मराठी!