खिडकीले जाई

परडीत अर्ध्याच वाती वळून झाल्या होत्या. घरच्या कपाशीचा कापूस मांडीवर, राखेची वाटी शेजारी. श्रावण लागायच्या आत वातींचा नेम पुरा करायचा म्हणून जमुनाबाई सकाळी उठल्यापासून बोटं चालवत होत्या. तेवढ्यात ओसरीवरून सूर्यभानजींची हाक आली.

"अवो, चहा थंडा होऊन राहिला. पोथी नाई काय आज?"

देव्हाऱ्यातली पोथी तर जमुनाबाईंनी दिवा लावताना वाचलीच होती. ही दुसरी. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, शाळकरी वही. त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, प्रणालीची. वलगावच्या पुढच्या गावात ती मास्तरीण होती. शाळेतून आल्यावर रोज एक पान लिहायची. मार्गशीर्षात ती अकोल्याच्या दवाखान्यात वारली. तेरवी आटोपल्यावर जमुनाबाईंनी ती वही लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायला घेतली. अंघोळ करून, पाटावर बसून, रोज एक पान. पुढचं पान चाळायचं नाही, मधलं गाळायचं नाही.

"सारी एकदाच वाचून टाक ना," सूर्यभानजी एकदा म्हणाले होते.

"पोथी अशी वाचतेत काय?" एवढंच बोलून त्यांनी फडकं बांधलं होतं.

खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. रोज एक पान, म्हणजे रोज प्रणाली काहीतरी नवं बोलत होती. कधी पोरांचे किस्से, कधी हेडबाईंची तक्रार, कधी "आईनं डब्यात परत आंबाडीची भाजी दिली." वही संपली की लेक बोलायची थांबणार होती.

जमुनाबाईंचं स्वतःचं शिकणं चौथीपर्यंतचं, तेही शेंदूरजनाघाटचं. वडील संत्र्याच्या बागेत राखणीला. शाळा सुटली की ही पोर पेटीतल्या वाळल्या तणसात संत्री बसवायला जायची, म्हणून हाताला कायम सालीचा वास. गुरुजींच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याला लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. भोकं एवढी बारीक की आत फक्त करंगळी जायची. जमुना करंगळी घालून पुस्तकाची पाठ चाचपायची. चार वर्षांत ते कपाट तिनं उघडं पाहिलं ते एकदाच, साहेब तपासणीला आले तेव्हा. पुढं लग्न होऊन ती वलगावला आली, आणि अकरा वर्षांनी प्रणाली झाली. ही करंगळीची गोष्ट प्रणालीनं लहानपणी शंभरदा ऐकली असेल. "आई, मंग काय झालं?" असं दरवेळी विचारायची. मग काहीच झालं नव्हतं.

पहिलीत गेल्यावर प्रणाली घरी आली ती बापाची परीक्षा घेतच.

"बाबा, शाया नाई. शाळा म्हणा. शा-ळा."

"शाया."

"ळ म्हणा ना!"

"आमच्या तोंडात तुह्या त्या ळ ले जागा नाई, बाई. अंदर तंबाकू हाये."

ती रुसली, सूर्यभानजी हसले. पण त्यांची शाया ती शायाच राहिली, केळं ते केयं, फळी ती फयी. लेक मास्तरीण झाल्यावर चावडीवर सांगत सुटले, "आमच्या घरात आता एक जन तरी ळ म्हनते."

शाळेतली तांदळाची जुनी कोठी रिकामी झाली तेव्हा प्रणालीनं ती मागून घेतली. तिथं पोरांसाठी पुस्तकांची खोली करायची होती. भिंतीवर तिनं खडूनं खुणा केल्या. पहिलीतल्या चंदाला भिंतीशी उभं करून तिच्या खांद्याएवढी रेघ मारली. पुस्तकाची फळी त्याच्या वर जाऊ द्यायची नाही. पिकल्या संत्र्याचा रंग, पुस्तकाचं तोंड पोराकडं आणि पाठ भिंतीकडं, पालथं पडून वाचायला एक कोपरा. रेघा मारून झाल्या आणि पोटातलं दुखणं वर आलं.

शेवटच्या दोन दिवसांत बोलणं जवळजवळ बंद होतं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सूर्यभानजी उशाशी बसले होते. तिनं हातानं तो मास्क जरा सरकवला आणि म्हणाली, "बाबा, खिडकीले जाई लावजा. इसरू नका."

"लावतो बेटा," ते म्हणाले.

ते शेवटचं बोलणं.

सूर्यभानजींनी शब्द पाळला. तेरवीनंतर घरात बसून राहिले नाहीत. खडूच्या रेघांवर बोट ठेवून सुताराकडून फळ्या करवून घेतल्या, रंग स्वतः उभं राहून दिला. आणि वलगावच्या ललितच्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी जाळी बनवून घेतली, चांगली जाडजूड. खिडकीला लावली. शिवाय, "पोरीनं खिडकीले सांगतली म्हनजे तिले वानरायचं भेव असन, मंग फयीले बी पायजेच," म्हणून फळ्यांनाही जाळीची दारं केली, कुलपासकट. माघात खोली उघडली. नारळ त्यांनीच फोडला. "पोरीनं सांगतलं, बापानं केलं," ते सगळ्यांना सांगत होते.

जाळी जमुनाबाईंना पहिल्याच दिवशी खटकली होती. पण लेकीचाच शब्द तो. त्यांनी खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले.

आज त्यांनी फडकं सोडलं, चष्मा चढवला, आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या.

"'खिडकीला जाई लावायची.'"

तो शब्द त्यांच्याही तोंडून नवऱ्यासारखाच निघाला. सूर्यभानजींनी कप खाली ठेवला.

"पाह्य! लिहून बी ठेवलं होतं तिनं. मले वाटे, आपन बराबर आयकलं का नाई. जायीच म्हने ती. पुढं?"

पुढं जमुनाबाईंचं बोट थांबलं होतं. डोळे पुढच्या ओळी वाचून गेले होते. त्यांनी पुन्हा वाचल्या. तिसऱ्यांदा वाचल्या.

"पुढं काय वं?"

"पुढं... पोरायच्या परीक्षेचं हाये," जमुनाबाई म्हणाल्या, आणि वही मिटली.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पोथीतल्या ओळी गाळल्या. फडक्याची गाठ काही केल्या बसेना.

"चाल मंग," सूर्यभानजी टोपी घालत म्हणाले. "हेडबाईनं बलावलं हाये शायेत. दोघायले या म्हने. सत्कार-गित्कार असन."

वाती तशाच राहिल्या.

हेडबाई म्हणजे अबोली मॅडम. अमरावतीच्या, वकिलाच्या घरातल्या, बोलणं पुस्तकासारखं. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि बराच वेळ टेबलावरचा खडू इकडचा तिकडं केला.

"काका, कसं सांगू कळत नाही. शाळा उघडून पंधरा दिवस झाले. मुलं त्या खोलीत जात नाहीत."

"काहून?"

"खोलीचं कुलूप मी रोज उघडते, फळ्यांची किल्ली मागेल त्याला देते. पण दारातूनच परत फिरतात. त्यांनी तिला नाव ठेवलंय."

"काय नाव?"

मॅडम खाली पाहत म्हणाल्या, "कोंडवाडा."

सूर्यभानजींचा चेहरा उतरला, मग तापला. "कोंडवाडा? माह्या पोरीच्या खोलीले?"

"लहान आहेत हो ती. ते जाळीमुळे वाटतं त्यांना. मला वाटत होतं, निदान फळ्यांच्या जाळ्या काढल्या तर..."

"नाई!" ते उठलेच. "मॅडम, तुमी शिकेल मानसं. पन मरताना लेकरू बोलते थो शब्द काय असते, मले ठाऊक हाये. तोंडावरचा मास्क सरकवून बोलली ती. जायी लावजा म्हने. जायी निघनार नाई. मी मेल्यावर काढजा."

सूर्यभानजी तरातरा त्या खोलीकडे निघाले. जमुनाबाई मागं.

दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. म्हणजे एक पोरगी होती. चंदा. आता दुसरीत गेलेली. फळीची रेघ हिच्याच खांद्याची. चपला दाराबाहेर काढून ती फळीशी उकिडवी बसली होती. जाळीच्या भोकातून करंगळी आत घातलेली, आणि एका पुस्तकावरच्या हत्तीच्या सोंडेवरून ती करंगळी हळूहळू फिरवत होती. माणसं दिसताच तिनं झटकन बोट ओढलं. कडेला खरचटलं असावं, कारण तिनं ते तोंडात घातलं.

"मी काई नाई केलं," ती म्हणाली. "हात नाई लावला मी. बोट लावलं फक्त."

आणि पळाली.

जमुनाबाई तिथंच फरशीवर बसल्या. ती जाळी, ते कुलूप, ती करंगळी. शेंदूरजनाघाटचं कपाट आपल्याच माणसानं, आपल्याच लेकीच्या खोलीत आणून ठेवलं होतं, आणि सकाळी ओळी गाळून आपणच त्याची किल्ली फिरवली होती.

"अवो," त्या म्हणाल्या. "मी सकाळी खोटी बोलली."

"काय?"

"परीक्षेचं नव्हतं पुढं."

ओळी पाठ झाल्या होत्या. जमुनाबाईंनी डोळे मिटले आणि जपासारख्या म्हटल्या, लेकीनं शिकवला तसा ळ जिभेवर ओढून आणत.

"'खिडकीला जाई लावायची. फुलाचा वास आत आला की मुलं आपोआप पुस्तकापाशी येतील. आईच्या शाळेत कपाटाला जाळी होती. आईनं पुस्तकं करंगळीनं वाचली. आपल्या खोलीत जाळी कुठेच नको.'"

सूर्यभानजी उभेच होते. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. ओठ हलले.

"जाई," ते म्हणाले. "फुलाची."

"हव."

"आन् म्या जायी समजून..."

त्यांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग खिडकीपाशी जाऊन दोन्ही हातांनी ती जाळी धरली आणि हिसका मारला. ललितचं काम पक्कं होतं. जाळी हललीसुद्धा नाही. म्हातारा माणूस तसाच जाळीला धरून उभा राहिला, पाठमोरा, आणि त्याचे खांदे हलत राहिले.

"ती म्हने, ळ म्हना बाबा, ळ म्हना," ते खिडकीकडं तोंड करूनच म्हणाले. "म्हटला असता एक डाव, तं काय बिघडलं असतं?"

"तुमचं एकल्याचं नाई ते," जमुनाबाई म्हणाल्या. "म्या वही एकदम वाचली असती तं माघातच समजलं असतं. मीच घोट घोट पेत बसली."

दोघं घरी आली. ओसरीवर परडी तशीच होती, कापूस वाऱ्यानं कोपऱ्यात गेलेला. सूर्यभानजी खाटेवर बसले.

"किती पानं राह्यले?"

"अठरा-एकोनीस असतीन."

"आन वही. सारी वाच."

जमुनाबाई हलल्या नाहीत. "मंग उद्या काय वाचू?"

"अजून बी काई सांगतलं असन तिनं. आपन भलतंच करून बसलो तं? तिचं काम अडलं हाये, जमुना."

तो आवाज आज्ञेचा नव्हता, नाही तर त्यांनी ऐकला नसता. त्या उठल्या, हातपाय धुतले, पाट मांडला. भर दुपारी, एका बैठकीत त्या वाचत गेल्या. डिंकाची बाटली खोलीतच ठेवायची. पान फाटलं तर रागवायचं नाही, चिकटवायला शिकवायचं. कुलूप नको. आईकडून जुन्या लुगड्यांची वीस बसकरं शिवून घ्यायची, पोरांना खाली बसायला. "आई म्हणेल, काहून वो मले कामाले लावतं? पण शिवेल." इथं त्या थांबल्या, पदर डोळ्याला लावला, पुन्हा बोट ओळीवर ठेवलं. पानं भराभर पालटत होती. पालटू नयेत असं वाटत होतं, आणि बोट थांबत नव्हतं.

शेवटच्या पानावर दोनच ओळी. "सोमवारी अकोल्याला तपासणी. आल्यावर दाराचं बघू, उंबरा लहान्यांना उंच होतो."

त्यानंतरची सात पानं कोरी होती. जमुनाबाईंनी तीही एकेक करून उलटली, सातही. मग वही फडक्यात बांधली.

"झालं?" सूर्यभानजींनी विचारलं.

"झालं."

ते उठले, पायात चपला सरकवल्या, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

"ललितले मी कोन्त्या तोंडानं सांगू? डोक्यावर उभं राहून बसवाले लावली म्या त्याले. म्हने, काका, एवढी जाड काहून? म्या म्हटलं, माह्या पोरीचा शब्द हाये."

"तुमी बसा," जमुनाबाई म्हणाल्या. "मी जातो."

त्यांनी वातींची परडी उचलून देव्हाऱ्याजवळ झाकून ठेवली, पदर डोक्यावर घेतला, आणि जाळी कापायला सांगायला ललितच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे निघाल्या.