बांधावरचा हात

मंडळी, आमच्या मुखेड भागात भुताला न भिणारा गडी एकच, अन् तो मी! म्हणजे उजेड असला, जवळ चार माणसं असली आणि भूत नसलं, तर मी बिलकूल भीत नाही. चहा घ्या, माझी फजिती सांगतो.

लातूरला माझ्या काळजाची तुंबलेली नस मोकळी केली. छाती फाडली नाही, काही नाही. मनगटातून बारीक नळी घातली ती थेट काळजापर्यंत! घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हात छातीच्या वर धरायचा. मूठ उघडायची, मिटायची. कंटाळा केला तर बोटं आखडतील. आणि पळापळ करायची नाही, काळीज अजून नाजूक आहे."

आता ही गोष्ट गावात कळू द्यायची का? जन्मभर मी सगळ्यांना चिडवलेलं. आमचा बांधशेजारी गणपत तर मला बघून वाट बदलतो, इतका मी त्याला पिडलेला. माझंच इंजिन बिघडलं हे त्याला कळलं तर? तो मला सोडेल होय? मग गावात सांगितलं, लेकीकडं गेलतो. अन् व्यायामाला गाठलं रान.

त्या दिवशी मुखेडचा बाजार. शिवारात चिटपाखरू नाही. ऊन डोक्यावर, वारं पडलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. भर बाराला चिंचेकडं जाऊ नये म्हणतात आमच्याकडं. ती येळ आपली नसती. कारभारणीनं बजावलं होतं. पण मी ऐकतोय?

बांधावर गवत लई माजलेलं. त्याच्या आडोशाला बसलो आणि हात गवताच्या वर काढला. उघड. मिट. उघड. मिट.

अन् बघतो तर काय? चिंचेजवळ गवतातून दुसरा हात वर आलेला!

नुसता हात! खाली माणूस नाही, आवाज नाही. मी मूठ उघडली, त्यानं उघडली. मी मिटली, त्यानं मिटली. मी थांबलो. तोही थांबला. अन् त्याच्या मनगटावर, माझ्या मनगटावर आहे तसाच, काळानिळा डाग!

मंडळी, माझाच हात तिकडं उगवला होता!

पळावं तर डॉक्टरीणबाईंची मनाई, अन् पाय तर आधीच मला सोडून गेलेले. तेवढ्यात तो हात पुन्हा हलला. हळूच. ये... ये... मला उलगडलं. माझ्या काळजाची डागडुजी यमाला पसंत पडली नव्हती. न्यायला आला होता.

"महाराज..." मी म्हणालो. आवाज निघाला मांजराच्या पिल्लासारखा.

गवतातून तसलाच चिरका आवाज आला, "म... महाराज..."

आवाज बी माझाच!

"न्यू नका हो! तुरीची रास तरी होऊ द्या!"

"न्यू नका हो..." गवत म्हणालं.

आता हात जोडून भागणार नव्हतं. बदली माणूस द्यावा लागणार होता. मी म्हणालो, "महाराज, न्यायचंच असंल तर बांधापल्याडचा गणपत न्या! धट्टाकट्टा हाय, अन् त्याच्या बायकोला बी त्याचा कंटाळा आलाय!"

हात खाली गेला. मग चिंचेखालचं गवत सळसळलं, अन् त्यातून एक रुमाल बांधलेलं डोकं वर आलं.

गणपत! नांदेडला साडूकडं जाऊन आलो म्हणून गावभर सांगणारा गणपत!

"गणप्या, तू? तुझं बी काळीज?"

"हाव. मनगटातूनच केलं. तुमी चिडवताल म्हणून हितं लपून हात हलवून राहिलो."

मी लगेच छाती पुढं काढली. "मला ठावंच हुतं तू हायस म्हणून! गंमत केली तुझी!"

गणपतनं रुमालानं तोंड पुसलं.

"तात्या, मी बी त्या यमाला कवाचा मनातल्या मनात तुमचंच नाव सांगून राहिलो. त्यो न्यायला तयारच न्हाई. म्हणतो, त्याला हितं आणला तर आमी कुठं जावं?"