बाबांच्या तीन गोळ्या

लोणी काळभोरच्या एका कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लगेच तापतं, हे आधीच सांगून टाकते.

मागच्या हिवाळ्यात बाबांना विसर पडायला लागला. बाबा मार्केट यार्डातले गुळाचे आडते. निवृत्त झाले तरी जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर तोंडपाठ. तोच माणूस एका सकाळी शनिवार पेठेत, घरापासून तीन इमारती अलीकडे उभा राहून दुकानदाराला विचारत होता, "आमचं घर कुठे हो?" आईने हे मला फोनवर सांगितलं. भावाने लगेच निदान केलं. तो आयटीवाला, त्याला सगळ्यातलं कळतं. "डिमेन्शिया आहे. आता हे वाढतच जाणार." मी त्याला झापलं खरं, पण आतून मलाही तीच भीती होती. बाबा एक दिवस मला ओळखणार नाहीत, हे मनात आलं की वर्गात शिकवताना माझं वाक्य अर्धवट राहायचं.

त्या शनिवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी माहेरी गेले. दुपारी जेवणाच्या टेबलावर तपासत बसले. प्रश्न होता, ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर अडवणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम लिहा. ॲसिटिलकोलीन हा मज्जातंतूंचा निरोप्या, रिसेप्टर ही त्याची बसायची जागा; हा भाग मी एसटीवरून समजावते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे औषध. त्या जागेचं काम स्वतः करत नाही आणि ज्याने करायचं त्याला बसू देत नाही. मग तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, पोट साफ होत नाही. एका पोरीने हे सगळं नीट लिहिलं होतं. म्हाताऱ्या माणसांना विसर पडतो, भ्रम होतो, तेवढंच राहिलं होतं. मी अर्धा मार्क कापला आणि समासात खरडलं, 'महत्त्वाचं तेच कसं विसरलीस?'

समोर बाबा चौथ्यांदा पाणी मागत होते. "जीभ टाळूला चिकटतेय गं." अक्षरं दिसत नाहीत म्हणून सकाळचं वर्तमानपत्र तसंच घडी घालून ठेवलेलं.

मी पेन खाली ठेवलं आणि आईला म्हणाले, "बाबांच्या सगळ्या गोळ्या आण. सगळ्या."

आमच्या घरात औषध म्हणजे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं तेवढंच. सर्दीची, पोटाची गोळी ही औषधात धरतच नाहीत. ती हळद-सुंठीच्या रांगेतली. "आणखी काही घेता का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती, "छे हो, काही नाही." टेबलावर तीन पाकिटं आली. लघवी वारंवार होते म्हणून डॉक्टरांनी दिलेली एक. तिच्यामुळे पोट साफ होईना, कळा यायच्या, म्हणून आई रोज देत होती ती दुसरी. तिसरी सर्दीची. तिन्ही एकाच जातीच्या, तिघींचे रुमाल एकाच जागेवर. आणि ती तिसरी मीच आणली होती, थंडीभर रोज एक घ्या म्हणून. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरांना लगेच फोन लावला. त्यांनी दोन गोळ्या बंद केल्या, लघवीची बदलून दिली. म्हणाले, "थोडे दिवस वाट पाहू. खात्री देत नाही, पण आशा आहे." त्या आशेवर आम्ही दिवस काढले. आधी बाबांचं पाणी मागणं कमी झालं. मग पोट ताळ्यावर आलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भावाला सुनावलं, "तू मला इतकं सावकाश का समजावतोस? मी काय बालवाडीत आहे?" आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

नंतर मी बाबांजवळ बसून कबूल केलं, "बाबा, चूक माझी होती. मला कळायला हवं होतं." सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मला वाटायचं, त्यांना आपलं विसरणं जाणवत नसेल. कागदावर त्यांच्या अक्षरात घरातल्या प्रत्येकाचं नाव होतं आणि पुढे कोण, ते. माझ्या नावापुढे लिहिलं होतं : 'थोरली मुलगी. ओरडते. घाबरायचं नाही, आपलीच आहे.'

मी वाचून झाल्यावर त्यांनी तो परत घेतला, फाडला आणि म्हणाले, "आता नको हा. चहा टाक."