वहिनींसाठी बंद केलेली पावडर

काकूंनी डबा माझ्या हातात दिला नाही. मोरीच्या कट्ट्यावर, खरकट्या भांड्यांशेजारी ठेवला आणि बोटानं दाखवला.

"हे घेऊन जा. तुलेबी दिवस गेले नं? फेकण्यापेक्षा कोणाच्या पोटात गेलेलं बरं."

फेकण्यापेक्षा. हा शब्द मी ऐकला. तरी मला आनंद झाला. इतका आनंद मला लग्नातल्या साडीचाही झाला नव्हता. ओले हात पदराला पुसले आणि डबा पिशवीत टाकला.

बालाघाटला त्या घरी मी चार वर्षं स्वयंपाक आणि भांडी करत होते. काकूंचे यजमान मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. त्यांच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, आणि मला एकाच महिन्यात दिवस गेले. देवानं एवढी एकच गोष्ट आम्हा दोघींना सारखी दिली. बाकी सगळं तिला. तोंडावर मी वहिनी म्हणायची, पण मनात कधी अहोजाहो केलं नाही.

तिला ओकारी आली की काकू पाठीवरून हात फिरवायच्या. मला आली तेव्हा म्हणाल्या, "नालीत फिनाइल टाकून दे." ती पाय वर घेऊन बसायची, मी खालून पोछा मारायची. आणि ती पावडर. नागपूरहून आणलेली, जडीबुटीची, डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र. रोज सकाळी दूध मी तापवायची, पावडर मी ढवळायची, आणि ती नाक मुरडून प्यायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझं आधीचं लेकरू पोटातच, दुसऱ्या महिन्यात गेलं होतं. मला वाटायचं, असं काही माझ्या पोटात पडलं असतं तर ते राहिलं असतं. तो चमचा मी धुवायच्या आधी चाटायची. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

मग डबाच मिळाला. ती एक चमचा घ्यायची, मी दोन घेतले. सहा दिवस, रोज दोन. तिच्या लेकरापेक्षा माझं वजनदार व्हावं, गोरंगोमटं व्हावं, एका गोष्टीत तरी ती माझ्या मागं पडावी. माझी अक्कल तेवढीच चालली. ज्या घरातून उतरलेली चादर येते, अर्धी उरलेली खोकल्याची बाटली येते, त्या घरातून चांगली गोष्ट अशी अचानक कशी येईल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

सातव्या दिवशी वारासिवनीहून काकूंची नणंद आली. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. नणंदबाईंनी विचारलं, "बहूले ते पावडर सुरू आहे नं?"

"नाही जी, डॉक्टरणीनं बंद केली," काकू म्हणाल्या. "पहिल्या तीन महिन्यांत विचारल्याशिवाय असं काही घेऊच नका म्हणते. डब्यात काय काय आहे, लेकराले काय करन, भरवसा नाही. मग स्वयंपाकवालीले देऊन टाकली."

आवाजही कमी केला नाही. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. तव्यावरची पोळी जळाली.

मी दारात गेले. "काकू, मलेबी तिसराच महिना आहे. तुमाले मालूम होतं."

काकू हसल्या. "अवं, तुमच्यात तं जडीबुटी चालतेच. तुमाले काही होत नाही."

माझं आधीचं गेलं तेव्हा चार दिवसांची सुट्टी मी काकूंकडूनच मागून घेतली होती. वहिनी सोफ्यावर होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिलाही माहीत होतं.

मी गॅस बंद केला. कणीक तशीच टाकली. घरून डबा घेतला आणि सरकारी दवाखान्यात गेले.

सिस्टरनं डबा फिरवून फिरवून वाचला. "कितने दिन से?" सहा. "कितना?" दोन चमचे. ती रागावली नाही, म्हणून मी जास्त घाबरले. "जड़ी-बूटी है तो नुकसान नहीं करेगी, ऐसा नहीं होता," ती म्हणाली. "अभी से बंद." सोनोग्राफी झाली. ठोके होते. पुढं काय, हे कोणी सांगू शकलं नाही. रक्त दिसलं किंवा पोट दुखलं तर लगेच ये, एवढं सांगितलं.

परत येताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. डॉक्टरणीचं ते एक वाक्य मला सांगायला काकूंचं काय जाणार होतं? त्यांनी मला डबा दिला आणि वाक्य घरात ठेवून घेतलं. आणि मी वेडी, डब्यावर जळत बसले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. काकू म्हणाल्या, "काल पोळ्या टाकून गेली. काही झालं तं नाही नं तुले?"

"काही होणार नाही, हे डबा देताना तुमाले मालूम नव्हतं," मी म्हटलं. "जे वहिनीच्या पोटाले चालत नाही, ते माह्या पोटालेबी चालत नाही. आजपासून ह्या घरचं उरलेलं औषध मी नेणार नाही."

"लय बोलाले लागली."

"हौ."

महिना संपायच्या आत त्यांनी दुसरी बाई बघितली. किरनापूरकडची, नवीन लग्न झालेली. मी तिला रस्त्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. चमचा चाटल्याचंही सांगितलं.

हेवा गेलेला नाही. मला तो घालवायचाही नाही. फक्त आता मी वहिनीच्या दुधाच्या पेल्यावर जळत नाही. तिला जे सांगितलं जातं, त्यावर जळते. म्हणून दवाखान्यात औषधाच्या खिडकीशी माझा नंबर आला की मी विचारते. ही गोळी कशाची, किती दिवस, नाही घेतली तर काय, घेतली तर काय. नाही समजलं तर पुन्हा विचारते. मागच्या बाया वैतागतात, सिस्टर वैतागते. उत्तर मिळाल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही.