राखणदार बदलला की कुलूप बदलायचं

तांबोळी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्गात नव्हे, दौंड-शिरूर एसटीत. मी कासुर्डीची. पीएच.डी.च्या अर्जाची कागदपत्रं द्यायला शिरूरला निघाले होते आणि चौफुल्याला गाडीत चढले. एकच जागा रिकामी होती. शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर एक पाटी होती आणि पाटीत पाच मोबाईल ओळीनं मांडलेले. कंडक्टर म्हणाले, "काय मामा, रिपेरिंगचं दुकान गाडीतच टाकलं व्हय?" गृहस्थ हसले आणि त्यातला एक मोबाईल त्यांनी माझ्या हातात दिला. "ताई, एवढं धरता का? आवाज तुटला की बोट वर करा." कशासाठी, हे विचारायचंही मला सुचलं नाही. न्हावरे येईपर्यंत मी परक्या माणसाचा मोबाईल कानाला लावून शाळकरी मुलीसारखी बोट वर करत बसले. चार दिवसांनी मुलाखतीला गेले तर तेच गृहस्थ टेबलापलीकडे. मला पाहताच शेजारच्या प्राध्यापकांना म्हणाले, "यांचं बोट अगदी वेळेवर वर जातं." माझी निवड त्या बोटावर झाली, असं मी आजही मानते.

सरांचं आयुष्य ज्या विषयात गेलं तो सांगायला सोपा आहे. चालत्या गाडीतून आपण फोनवर बोलतो तेव्हा एक टॉवर मागे पडतो आणि दुसरा जवळ येतो. मागचा टॉवर आपल्याला पुढच्याच्या हाती सोपवतो. पुस्तकात याला हँडओव्हर म्हणतात, सर 'सोपवणूक' म्हणतात. बोलणं कुणी चोरून ऐकू नये म्हणून प्रत्येक टॉवर ते एका गुप्त आकड्यानं बंद करतो. त्या आकड्याला आमच्यात किल्लीच म्हणतात. नव्या पिढीच्या जाळ्यात टॉवर लहान आणि जवळजवळ असतात, कुठे विजेच्या खांबावर, कुठे दुकानाच्या गच्चीवर. त्यामुळे सोपवणूक घडोघडी करावी लागते. ती झटपट करावी तर सुरक्षा सैल पडते आणि सुरक्षा आवळावी तर आवाज तुटतो. या दोन्हींचा मेळ घालण्यात सरांची तीस वर्षं गेली. त्या नादात ते एसटीत जेवणाचा डबा इतक्यांदा विसरले, की शिरूर डेपोत त्यांच्या डब्यासाठी एक खिळा ठोकलेला आहे.

माझ्या प्रबंधाचा विषय होता धावती रुग्णवाहिका. दौंडहून रुग्ण निघाला की त्याच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ वाटेतूनच शिरूरच्या डॉक्टरांना दिसावी आणि त्यांनी गाडीतल्या परिचारिकेला औषध सांगावं, अशी योजना. सोपवणुकीची पद्धत सरांनी बसवलेली आणि ती राबवण्याचं काम माझं. मागचा टॉवर स्वतःच पुढच्यासाठी किल्ली तयार करून धाडत असे. त्यात वेळ जवळजवळ जातच नसे. रुग्णवाहिकेचे चालक जगताप आप्पा प्रत्येक चाचणीनंतर ओरडून सांगत, "म्याडम, रेघ तुटली न्हाई बघा!" प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला, पत्रिका छापून झाल्या, माझ्या वडिलांनी, आबांनी, तर नवं धोतरही आणलं.

आठ दिवस उरले असताना सरांनी प्रयोगशाळेत सहज विचारलं, "पुढच्या टॉवरची किल्ली कोण बनवतं?"

"मागचा."

"मग ती मागच्यालाही ठाऊक असते?"

"असते सर. पण तिकडे कोण जातंय बघायला?"

सरांनी भिंतीवरच्या रस्त्याच्या नकाशावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पाटसपुढचा आपला टॉवर खांबावर हाय. शिडी लावली की हात पोचतो. तो एक कुणाच्या हाती लागला, की पुढच्या साऱ्या किल्ल्या लागल्या. रेघ मधेच बदलली, तर डॉक्टर भलत्याच रेघेवर इंजेक्शन सांगतील." आणि त्यांनी प्रात्यक्षिक रद्द केलं.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "सर, सगळं जग असंच करतं." ते शांतपणे म्हणाले, "व्हय, करतं." एवढंच. माझी तीन वर्षं त्या दोन शब्दांत गेली असं मला वाटलं. मी प्रयोगशाळेची पायरी चढायची नाही असं ठरवून कासुर्डीला घरी येऊन बसले. काम सोडून द्यायचं, हेही मनाशी जवळपास पक्कं केलं होतं.

पाचव्या दिवशी सर आमच्या दारात उभे. महामार्गावर उतरून भर उन्हात चालत आले होते. ज्यांच्याकडे आम्ही मान वर करून पाहायचो, ते सर आमच्या ओसरीवर आबांच्या शेजारी मांडी घालून बसले. मला एका शब्दानंही टाकून बोलले नाहीत. आबांनाच त्यांनी एक गोष्ट सांगितली.

सरांचे वडील शिरूरच्या मार्केट यार्डात एका वखारीवर राखणदार होते. तिथली रीत अशी, की पाळी संपली की जाणारा राखणदार आपलं कुलूप काढून नेई आणि येणारा स्वतःचं कुलूप लावी. लहानपणी सरांनी वडिलांना विचारलं होतं, "अब्बा, तुमचा त्या मामांवर इस्वास न्हाई का?" वडील म्हणाले होते, "इस्वास हाय म्हणून तर. उद्या एखादं पोतं कमी भरलं, तर पयला आळ कुणावर यील? ज्याच्याकडं जुनी किल्ली हाय त्याच्यावर. जानाऱ्याला मोकळा करून पाठवावा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग सर म्हंत्यात ते बरोबरच हाय की. तू कशापायी रुसलीस?" बाप फितूर झाल्यावर मी काय बोलणार! पण खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात सरांपुढे वाकले. सुरक्षा म्हणजे संशय, असं मी तोवर समजत होते. सरांच्या लेखी ती माणसाची आणि यंत्राचीही अब्रू राखण्याची रीत होती. ज्या पद्धतीनं त्यांचं नाव झालं, तीच त्यांनी स्वतःच्या हातांनी बाजूला ठेवली होती. एवढं मोठं मन मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकाच एसटीनं शिरूरला गेलो.

पुढे सव्वा वर्ष लागलं. अखेर उत्तर त्या वखारीतच सापडलं. रुग्णवाहिकेचा रस्ता आधीच ठाऊक असतो. मग वाटेतल्या प्रत्येक टॉवरला त्याची किल्ली मुख्य केंद्रानं परस्पर आणि वेळेआधी पोचवावी. मागच्यानं फक्त "गाडी येतेय" एवढं कळवावं. पुढच्याची किल्ली त्याला कळणार नाही, आणि गाडी पुढे गेली की त्याची स्वतःची किल्लीही निकामी होईल.

नव्या चाचणीनंतर जगताप आप्पा गोंधळून म्हणाले, "तवाबी रेघ तुटली न्हाई, आताबी न्हाई. मंग सव्वा वरीस तुमी केलं काय?" सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "हेच केलं, आप्पा." प्रात्यक्षिकाच्या मंडपात उभं राहून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "आधीची पद्धत माझी होती आणि तिच्यात भोक होतं." नव्या पद्धतीला त्यांनी माझं नाव दिलं. आबा नव्या धोतरात पहिल्या रांगेत बसले होते.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. हारतुरे, भाषणं आटोपली. प्रयोगशाळा आता मी सांभाळणार होते. सर मला प्रयोगशाळेच्या दारापाशी घेऊन गेले, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "कुलूप बदला."

मी म्हटलं, "बदलते सर. नवी एक किल्ली तुमच्याकडे पोचवते."

"नको. मला मोकळा करा."

मी किल्ली मुठीत धरली. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवं कुलूप आणून लावलं.

गेल्या सोमवारी दार वाजलं. उघडलं तर बाहेर सर उभे. काखेत तीच पाटी, पाटीत मोबाईल. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं. ज्या खोलीतली प्रत्येक तार त्यांनी स्वतः जोडली, तिच्या उंबऱ्याशी ते परवानगीसाठी थांबले होते.

सर, साठी पूर्ण केलेल्या आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य लाभावं, ही आपल्या या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या आम्हा सर्वांची इच्छा आहे. माझ्या इच्छेत थोडा स्वार्थ आहे. आपल्या शब्दाप्रमाणे नव्या कुलपाची किल्ली मी आपल्याला कधीच देणार नाही. तेव्हा पुढची पुष्कळ वर्षं आपल्याला येऊन दार वाजवावं लागेल, आणि दार उघडायला मी आतच असेन.