अर्धं राहिलेलं ऑपरेशन

"भ्यायचं ते आत्ताच भिऊन घ्या, नर्सबाई. आत गेल्यावर मला वेळ नाही." ऑपरेशनच्या आधी हात घासता घासता डॉक्टरीणबाई हे म्हणायच्याच. मी भिऊन घ्यायची, पण माझी भीती कधी वेळेत संपली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तुम्ही कर्जतला राहिला असाल, तर आमच्या डॉक्टरीणबाईंना पाहिलं असेल. ठेंगण्या, पदर घट्ट खोचलेला, पायांत पुरुषी वहाणा, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला धावावं लागे. जेवणसुद्धा उभ्या उभ्या. मी पुण्याहून नर्सचं शिकून त्यांच्या दवाखान्यात लागले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "क्लोरोफॉर्म देता येतो?"

"येतो, पण भीती वाटते."

"उत्तम. ज्याला वाटत नाही, त्याच्या हातात मी बाटली देणार नाही."

त्यांची घाई उगाच नव्हती. क्लोरोफॉर्मखाली माणूस जितका जास्त वेळ, तितका जिवाला धोका. म्हणून हत्यारं लागतील त्याच क्रमाने मांडायची. बाईंचा हात पुढे आला की न मागता चिमटा त्यात पडलाच पाहिजे. काम अवघड असलं की आधी टेबलावर उशी ठेवून सगळी तालीम व्हायची. उशीची नाडी धरून बसताना मला हसू फुटायचं. "हसा. उशी मरत नाही म्हणून हसताय," बाई म्हणायच्या.

अशात कडावची यमुना आली. तिशीच्या आतली, आणि डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ. लाजेपायी तिने ती किती काळ पदराआड लपवली होती, देव जाणे. स्तन काढावा लागेल म्हटल्यावर ती उठून उभीच राहिली.

"अर्धी व्हून मी घरी जायाची नाय. त्यापरीस मरू द्या मला."

बाईंनी मुंबईला भाजलेल्या शिपायांवर कातडी बसवण्याची कामं जवळून पाहिली होती. त्या म्हणाल्या, "बस खाली. एकाच वेळी दोन्ही करू. गाठीसकट सगळं काढायचं, आणि पोटावरची कातडी नि चरबी एका बाजूने जोडलेली ठेवून वर वळवायची. पहिल्यासारखं होणार नाही, पण सपाटही राहणार नाहीस." यमुनेने त्यांना गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली. बाईंनी घेतली. 

ती गेल्यावर मी म्हटलं, "बाई, एवढा वेळ क्लोरोफॉर्म?"

"माहीत आहे."

"मग दोनदा करू या."

"दोनदा म्हटलं तर ती एकदाही येणार नाही."

उशीवर किती तालमी झाल्या, सांगता येत नाही. मग खरा दिवस उजाडला. टेबलावर यमुनेने माझं मनगट धरलं, ते तिला गुंगी येईपर्यंत सोडलं नाही. बाईंचे हात सरसर चालत होते. स्तन निघाला, रक्त आवरलं. बाई पोटाकडे वळल्या आणि माझ्या बोटांखालची नाडी गेली.

"बाई, नाडी लागत नाही!" मी ओरडले.

त्यांचा हात थांबला. तो थांबलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "अर्धं राहील हो," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. लगेच म्हणाल्या, "जाळी काढा. डोकं खाली करा. मी शिवून घेते." मी तिच्या तोंडावरची क्लोरोफॉर्मची जाळी फेकली, टेबल डोक्याकडून खाली कलवलं. नाडी पुन्हा लागली तेव्हा बाई शेवटचे टाके घालत होत्या.

शुद्धीवर येताच यमुनेने पट्टीवर हात ठेवला. "दोनी झालं?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "एकच झालं. दुसरं भातकापणीनंतर करू."

यमुनेने भिंतीकडे तोंड फिरवलं. घरी जाईपर्यंत ती बाईंशी अवाक्षर बोलली नाही. बाई मात्र तिची पट्टी रोज स्वतःच बदलत होत्या.

त्यानंतर बाईंचं चालणं मंदावलं. "माझे हात आणखी चपळ असते तर," असं त्या मध्येच म्हणायच्या. तुम्ही थांबलात म्हणून ती जिवंत आहे, असं मी सांगायची, ते त्यांच्या कानापर्यंत पोचायचं नाही. उशीवरच्या तालमी पुन्हा सुरू झाल्या, फक्त राहिलेल्या भागाच्या. आता मला हसू येत नव्हतं.

पावसाळा सरता सरता खालापुरात विषमज्वराची साथ आली. बाई तिकडे गेल्या आणि परतल्या त्या ताप घेऊनच. भ्रमातही त्या विचारायच्या, "कडावची आली का?" मी "येईल" म्हणायची आणि त्यांचं मनगट धरून बसायची. नाडी त्यांची लागतेय की माझी, कळत नसे. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नाही. कापणीच्या आधीच बाई गेल्या.

कापणी झाली आणि यमुना खरंच आली. नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन पायरीवर बसली. "बाई हायेत का गं?"

ती ऑपरेशनसाठी आली असणार, या धास्तीने मी एका दमात सांगून टाकलं, की बाई नाहीत आणि आता ते काम इथे कोणी करू शकणार नाही.

गाठोडं खाली ठेवून ती म्हणाली, "मला काय बी करून घ्यायचं नव्हतं गं. हाय तशी मी बरी हाय. पोरं हायेत, घर हाय. मी रागावले व्हते नं, त्यो राग गेला, येवढंच सांगाया आले. आता कुनाला सांगू?"

मी उठून ऑपरेशनच्या खोलीचं कुलूप काढलं. यमुना दारात जराशी अडखळली, मग आत गेली. त्या टेबलापाशी उभी राहून ती हळू आवाजात बोलत होती. मी बाहेर थांबले.