पतंगाची वीज आणि भाऊजींचे बैल

पतंगापासून वीज खरंच होते का, असं तुम्ही विचारलंत. होते. कुरुंद्याजवळच्या आपल्या शेतात झालेली मी पाहिली आहे.

त्या श्रावणात पावसानं ओढ दिली होती. माझ्या धाकट्या दिरांची अर्धा एकर हळद माना टाकत होती. विहिरीत पाणी होतं, पण दिवसा पंपाला वीज नव्हती. तेव्हा पुण्याहून एक इंजिनिअर आला. भाऊजींनी पडीक माळ द्यायचा, त्यानं दिवसा पंप चालवून द्यायचा, असं ठरलं. कागद इंग्रजीत, म्हणून ते वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

पतंग बैलगाडीएवढा. वर चढताना तो दोर ओढायचा, दोरानं खालचं चाक फिरायचं, वीज व्हायची. दोर संपला की मोटर लावून पतंग परत खाली ओढायचा. त्यातच बहुतेक वीज जायची. उरलेल्या विजेवर इंजिनिअरचा लॅपटॉप चालायचा. पंप मात्र हूं की चूं करेना.

"एक पतंग परवडत नाही, काका," तो म्हणाला. "दोर झिजतो, राखायला माणूस लागतो. शंभर उडवले तर स्वस्त पडेल."

"आन् मी हळद कुठं लावू? तुमच्या पतंगाखाली तर उभंबी ऱ्हायचं न्हाई म्हणता!"

शेवटी भाऊजींनीच तोड काढली. पतंग खाली ओढायला बैल जुंपायचे, म्हणजे तेवढी वीज वाचेल. मी सगळे कागद पुन्हा वाचले. बैलांना मनाई कुठेच नव्हती.

बैल पुढे चालले, पतंग खाली आला. त्यांना सोडायच्या आत वाऱ्याचा झोत आला आणि दोन्ही बैल उलट्या पावलांनी मागे सरकत आले.

भाऊजी ओरडले, "वहिनी, बघा! बैल मोट हाणून राहिले! फकस्त पाणी न्हाई!"

मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून ओढायची मोठी बादली. बैल पुढे गेले की ती भरून वर येते, मागे सरले की रिकामी खाली जाते.

"मग भाऊजी, मध्ये पतंग कशाला?" मी विचारलं.

इंजिनिअरनं कॅल्क्युलेटर काढला, बराच वेळ बटणं दाबली आणि परत खिशात ठेवला.

जुनी लोखंडी मोट गोठ्यात होती. तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिला अंड्यांसकट टोपलीत हलवलं. चार दिवस मोट चालली. इंजिनिअर स्वतः बैलांमागून चालत होता. हळदीनं मान वर केली.

जाताना तो पतंग घेऊन गेला, दोर इथेच ठेवला. पतंगासाठी तो झिजलेला होता. मोटेला मात्र इतका पक्का दोर आजवर मिळाला नाही, असं भाऊजी सांगतात.